मान्य कर्जरोखे आणि आपला राखीव निधी



आमच्या शेतकी विभागाकडून या पानावर बहुधा बेणेप्रक्रिया, हुमणीचा बंदोबस्त, खोडव्यातील पाचट, पाण्याच्या पाळ्या असेच विषय येतात. या खेपेस विषय पैशाचा आहे. शेतकी पदविकेच्या माणसाने पैशाच्या गुंतवणुकीवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. म्हणून प्रथम त्याचे कारण सांगतो.

मागच्या महिन्यात उसाच्या नोंदी तपासण्यासाठी आम्ही एका गट ऑफिसात बसलो होतो. तेथे एक वयस्क सभासद आले. आजूबाजूची मंडळी त्यांना नाना म्हणतात, आम्हीही नानाच म्हणतो. त्यांच्या गावच्या संस्थेने निधीतील काही रक्कम कर्जरोख्यांत घालण्याचा विषय सभेपुढे ठेवला होता. नाना म्हणाले, "साहेब, सेक्रेटरी सांगतो का हे रोखे कायद्याने मान्य हायेत. मान्य म्हंजे बुडत नाही, असंच ना?"

आम्ही चटकन 'हो' म्हणणार होतो. पण जीभ आवरली, कारण 'मान्य आहे' आणि 'बुडत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक ठाऊक नसल्यामुळे आम्ही स्वतः एकदा ठेच खाल्ली आहे. ती हकीकत पुढे येईलच. नानांना जे उत्तर तेथे अर्धवट दिले, ते आज सर्वांसाठी पुरते देत आहोत.

कर्जरोखा म्हणजे काय?

सोसायटीकडून आपण पीककर्ज घेतो तेव्हा सोसायटी धनको आणि आपण ऋणको. कर्जरोख्यात सरकार, महानगरपालिका किंवा एखादे महामंडळ ऋणको असते आणि रोखा घेणारा धनको. अमुक वर्षांनी मुद्दल परत देऊ आणि तोपर्यंत दर सहा महिन्यांनी किंवा दर वर्षी अमुक टक्के व्याज देऊ, असा तो लेखी करार असतो. पूर्वी तो छापील कागद असे. आता बहुतेक ठिकाणी ती खात्यातील नोंद असते.

सार्वजनिक कर्जरोख्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात कर्ज काढणाऱ्याची सगळी तिजोरी जबाबदार असते. केंद्र सरकार आणि राज्य सरकार रिझर्व्ह बँकेमार्फत जे रोखे विकते, ते या प्रकारचे. दुसरा प्रकार महसुली रोख्यांचा. पूल, बंदर, पाणीयोजना किंवा वीजघर बांधण्यासाठी कर्ज काढायचे आणि त्याच कामाच्या उत्पन्नातून, म्हणजे टोल, बंदराची फी, पाणीपट्टी किंवा वीजबिल यांतून ते फेडायचे.

आपल्या भाषेत सांगायचे तर पहिला रोखा हा सगळ्या वाड्यावर दिलेल्या उसन्यासारखा आहे आणि दुसरा एकाच विहिरीच्या पाण्यावर दिलेल्या उसन्यासारखा. विहीर भरलेली असेल तोवर दोन्ही सारखेच दिसतात. फरक दिसतो तो उन्हाळ्यात.

एक छोटा हिशेब

समजा, एका पाणीयोजनेचे वर्षाचे उत्पन्न १ कोटी रुपये आहे. देखभाल, पगार आणि वीज यांवर ३० लाख जातात. राहिले ७० लाख. रोख्यांचे व्याज आणि मुद्दलाचा हप्ता ५० लाख. हप्ता भरून २० लाख हाताशी राहतात, म्हणजे योजना ठीक चालली आहे.

मग एखादे वर्ष पावसाने ओढ दिली आणि उत्पन्न ७० लाखांवर आले. देखभालीचा खर्च मात्र तेवढाच राहतो, कारण पाणी कमी आले म्हणून पाटकऱ्याचा पगार कमी होत नाही. राहिले ४० लाख आणि हप्ता आहे ५० लाख. हे १० लाख कोण देणार? महसुली रोख्याचे सारे मर्म या एका प्रश्नात आहे. मागे सरकारची हमी असेल तर सरकार देईल. हमी नसेल तर रोखेधारकाने वाट पाहायची.

कायद्याने यादी का केली?

राखीव निधी, भविष्यनिर्वाह निधी, विश्वस्त निधी, बँकेतील ठेवी हा सगळा दुसऱ्याचा पैसा असतो. तो सांभाळणाऱ्याने मोहाने कोठेही लावू नये म्हणून कायदा कुंपण घालतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ६६ प्रमाणे नफा मिळवणाऱ्या संस्थेने दरवर्षी निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा, असा सर्वसाधारण नियम आहे. संस्थेने पैसा कोठे गुंतवावा ते कलम ७० सांगते. त्यात जिल्हा मध्यवर्ती आणि राज्य सहकारी बँका येतात, त्याही ठरवून दिलेल्या अटींवर. त्यांच्याच जोडीला भारतीय विश्वस्त अधिनियम, १८८२ च्या कलम २० मधील रोखे येतात.

हे कलम २० जुने आहे आणि पाहण्यासारखे आहे. सरकारी रोख्यांबरोबरच मुंबई, कलकत्ता, मद्रास या इलाखा शहरांतील नगरपालिका, बंदर विश्वस्त मंडळे आणि शहर सुधार विश्वस्त मंडळे यांचे रोखे त्यात होते. मुंबई बंदराचे विश्वस्त मंडळ १८७३ साली स्थापन झाले. बंदरात येणाऱ्या जहाजांची आणि मालाची फी हे त्याचे उत्पन्न. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबईचे सुधार विश्वस्त मंडळ निघाले. ते जमिनी घेऊन रस्ते आणि वस्त्या आखी, आणि त्या जमिनींचे भाडे हा त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग असे. म्हणजे कामाच्या कमाईवर फिटणारे रोखे विश्वस्तांना मान्य करण्याची रीत आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीपासून आहे.

२०१६ च्या दुरुस्तीने ही जुनी यादी कलमातून निघाली. आता केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून रोख्यांचे जे वर्ग जाहीर करील, ते मान्य. सबब जुन्या पुस्तकातील यादी पाहून ठराव करणे आता चालणार नाही. आजची अधिसूचना लेखापरीक्षकाकडून पाहून घ्यावी.

परदेशातही हीच रीत आहे. अमेरिकेत १९२१ साली न्यूयॉर्क बंदर प्राधिकरण स्थापन झाले. पूल आणि बोगद्यांच्या टोलवर फिटणारे त्याचे रोखे बँका, विमा कंपन्या आणि विश्वस्त निधी यांना गुंतवणुकीस मान्य, असे तेथील कायद्यातच लिहिले गेले. यामागचा हेतू दुहेरी असतो. निधीला बरे व्याज मिळावे आणि सार्वजनिक कामाला गिऱ्हाईक मिळावे. हा दुसरा हेतू ध्यानात ठेवा. एखादा रोखा मान्य यादीत येतो तो केवळ आपल्या सुरक्षिततेसाठी येतो असे नाही. ते काम उभे राहावे अशी सरकारची गरज असते म्हणूनही तो येतो.

आपल्या पाटाचे उदाहरण

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचे, पाणी दोन खोऱ्यांत वाटलेले आहे. उत्तरेकडील मुळा प्रवरेला आणि प्रवरा गोदावरीला मिळते. दक्षिणेकडील भाग भीमेच्या, म्हणजे कृष्णा खोऱ्यात येतो. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत या तालुक्यांतील सभासद कुकडीच्या डाव्या कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसतात, ते याच खोऱ्याचे पाणी.

बच्छावत लवादाने कृष्णेच्या २०६० अब्ज घनफूट पाण्यातून महाराष्ट्राला ५६० अब्ज घनफूट दिले. या निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होऊ शकत होता. तोपर्यंत आपल्या वाट्याचे पाणी अडविले नाही तर पुढे पंचाईत होईल, ही धास्ती होती. सरकारच्या अंदाजपत्रकातून एवढा पैसा निघेना. म्हणून १९९६ साली कायदा करून महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. या महामंडळाने बाजारात रोखे विकून हजारो कोटी रुपये उभे केले. रोख्यांना राज्य सरकारची हमी होती. राज्याला अशी हमी देण्याचा अधिकार घटनेच्या २९३ व्या कलमाने दिला आहे. सरकारची पूर्ण आणि बिनशर्त हमी असलेले रोखे भविष्यनिर्वाह निधीच्या गुंतवणुकीत मान्य वर्गात धरले जात, त्यामुळे असे निधी आणि बँका यांना हे रोखे घेता आले. कुकडी प्रकल्पही पुढे याच महामंडळाकडे आला.

आता आपल्या छोट्या हिशेबावर या. धरणे बांधली, कालवे निघाले, पण पाणीपट्टीतून काय जमणार? पाणीपट्टीत देखभाल निभावताना मारामार, तेथे हजारो कोटींचे व्याज आणि मुद्दल कोठून फिटणार? आपण स्वतः पाणीपट्टी भरतो, तेव्हा हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको. अखेर फेडीचा भार राज्याच्या तिजोरीवर गेला. रोखेधारकांचा पैसा वाचला तो हमीमुळे. पाटाच्या कमाईने तो वाचला नाही. नावाने ते प्रकल्पाचे रोखे होते, प्रत्यक्षात मात्र राज्याचे कर्ज होते.

ही गोष्ट इंग्रजांनाही ठाऊक होती. पाटबंधाऱ्याच्या कामांचे ते 'उत्पादक' आणि 'संरक्षक' असे दोन वर्ग करीत. जे काम स्वतःचे व्याज कमावील ते उत्पादक. जे दुष्काळापासून माणसे आणि जनावरे वाचवील, पण व्याज कमावणार नाही, ते संरक्षक. दख्खनचे बहुतेक कालवे दुसऱ्या वर्गात पडले. ते काम वाईट होते असे कोणी म्हणणार नाही. कालवा नसता तर आपला ऊस नसता आणि कारखानाही नसता. पण चांगले काम आणि स्वतःची फेड करणारे काम, हे दोन निराळे हिशेब आहेत.

हमी नसली तर?

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका सार्वजनिक वीजमंडळाने पाच अणुवीजघरे काढली. चौथ्या आणि पाचव्या वीजघरासाठी २२५ कोटी डॉलरचे रोखे विकले. वीज मिळो वा न मिळो, आम्ही पैसे भरू, असे करार अनेक वीज वितरण संस्थांनी करून दिले होते. खर्च वाढत गेला आणि १९८२ साली ही दोन्ही वीजघरे अर्धवट सोडून देण्यात आली. १९८३ साली तेथील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की असे करार करण्याचा त्या सार्वजनिक संस्थांना अधिकारच नव्हता. करार गेला, उत्पन्न गेले आणि रोखे थकले. पुढे तडजोडीत रोखेधारकांना काही भाग मिळाला, पूर्ण नाही. रोखे सार्वजनिक संस्थेचे होते आणि करार सह्या-शिक्क्यांचे होते. पण ज्या उत्पन्नावर सारी भिस्त होती, ते उत्पन्नच आले नाही.

शेजारच्या गुजरातची हकीकत वेगळी आहे. सरदार सरोवर नर्मदा निगमने १९९३ साली ३,६०० रुपयांचे रोखे विकले. मध्ये व्याज नाही, २० वर्षांनी एकदम १,११,००० रुपये. पुष्कळांनी मुलीच्या लग्नाचा, म्हातारपणाचा हिशेब त्यावर मांडला. पुढे बाजारातील व्याजदर उतरले आणि हे कर्ज निगमला जड झाले. २००८ साली गुजरात विधानसभेने कायदा करून निगमला मुदतीआधी परतफेडीचा अधिकार दिला, आणि २००९ च्या जानेवारीत ५०,००० रुपये देऊन रोखे मिटविण्यात आले. पैसा बुडाला नाही, पण ज्यांनी २०१४ ची वाट पाहिली होती त्यांचा हिशेब मोडला. म्हणून मुदत कोण मोडू शकतो, हेही आधी वाचावे लागते.

आमची ठेच

आता आमची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या मूळ गावच्या एका छोट्या संस्थेच्या कमिटीत होतो. निधी एक लाखाच्या आसपास होता. दहा वर्षांचा रोखा घ्यायचा ठराव आला. रोखा मान्य यादीतला, मागे सरकारी हमी, व्याज वेळेवर मिळणारे. आम्ही शिकलेले म्हणून सगळ्यांनी आमच्या तोंडाकडे पाहिले. आम्ही हात वर केला आणि ठराव पास झाला.

तिसऱ्या वर्षी वादळात संस्थेच्या इमारतीचे पत्रे उडाले आणि पैसा लागला. रोखा विकायला गेलो तर दिलेली किंमत मिळेना. दरम्यान व्याजदर चढले होते. हिशेब असा असतो. समजा, १,००,००० रुपयांचा रोखा ७ टक्क्यांचा आहे. तो वर्षाला ७,००० रुपये देतो. मुदतीची ७ वर्षे उरली असताना बाजारात नवे रोखे ९ टक्क्यांचे, म्हणजे ९,००० रुपये देणारे निघाले. तर आपला ७,००० देणारा जुना रोखा पूर्ण किमतीला कोण घेईल? त्याला सुमारे ९०,००० रुपयेच मिळतील. रोखा बुडाला नव्हता, मुदत होईपर्यंत थांबलो असतो तर पूर्ण रक्कम आली असती. पण उडालेले पत्रे सात वर्षे थांबत नाहीत. कमिटीत आम्हांस कोणी बोलले नाही. एका म्हातारबाबांनी मात्र एवढेच विचारले, "तुम्ही वाचलं होतं ना?" आम्ही 'मान्य' हा शब्द वाचला होता, मुदत वाचली नव्हती. आडसाली लावून बाराव्या महिन्यात तोड मागण्याचा हा प्रकार, आणि तो एका ऊस विकास अधिकाऱ्याने केला!

कागद हातात आहे का?

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. २००२ साली नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेसह काही सहकारी बँकांचे प्रकरण उघडकीस आले. सरकारी रोखे घेण्यासाठी दलालांना कोट्यवधी रुपये दिले गेले, पण रोखे बँकांच्या हाती आलेच नाहीत. सरकारी रोख्याइतकी पक्की गुंतवणूक दुसरी नाही. ती कायद्याने पूर्ण मान्य होती. तरीही पैसा गेला, कारण रोख्याच्या ऐवजी दलालाच्या शब्दावर आणि पावतीवर भरवसा ठेवला गेला. नागपूरच्या खटल्यात न्यायालयाचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. एवढी वर्षे ठेवीदारांनी काय सोसले असेल, ते ज्याची ठेव अडकली त्यालाच कळेल.

आपण वजनकाट्यावर उसाचे वजन स्वतः पाहतो आणि पावती घेतल्याशिवाय गाडी हलवीत नाही. मग निधीच्या बाबतीत ढिलाई का?

सभेत विचारावयाचे सहा प्रश्न

गुंतवणुकीचा विषय सभेपुढे येतो तेव्हा पुष्कळदा चहा आलेला असतो आणि माणसे हात वर करून मोकळी होतात. पुढच्या खेपेस हे प्रश्न विचारावेत. ते विचारणे हा कोणावर संशय नव्हे. चांगल्या संचालकाला अशा प्रश्नांनी बळच मिळते.

१. हा रोखा कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या तारखेच्या अधिसूचनेप्रमाणे मान्य आहे?

२. फेड कशातून होणार? सगळ्या तिजोरीतून की एकाच कामाच्या उत्पन्नातून? देखभाल वजा जाता हप्त्याच्या किती पट उरते?

३. हमी असेल तर ती कोणाची? मुद्दल आणि व्याज दोन्हींची आहे काय? बिनशर्त आहे काय? लेखी प्रत संस्थेच्या दप्तरी आहे काय?

४. मुदत किती? ती आधी कोण मोडू शकतो, आपण की रोखा काढणारा? आपल्याला पैसा केव्हा लागणार?

५. सगळी रक्कम एकाच ठिकाणी चालली आहे काय? एकाच जातीचे बेणे सगळ्या रानात लावू नये, हा नियम येथेही लागू आहे.

६. रोखा संस्थेच्या नावाने संस्थेच्या खात्यात जमा झाल्याचा उतारा कोणी पाहिला? दलालाची पावती हा उतारा नव्हे.

महसुली रोखे वाईट, असे आम्ही म्हणत नाही. २०१५ साली सेबीने महापालिकांच्या रोख्यांसाठी नियम केले. महसुली रोख्यांचे उत्पन्न वेगळ्या खात्यात ठेवण्याची तरतूद त्यांत आहे. २०१७ साली पुणे महानगरपालिकेने पाणीपुरवठ्याच्या कामासाठी ७.५९ टक्के व्याजाचे, दहा वर्षांचे २०० कोटींचे रोखे काढले. अशा कामांना पैसा लागतो आणि तो देणारा निधी देशाचेच काम करतो. पण पैसा देताना फेड कोठून येणार, हे डोळ्यांनी पाहून द्यावा.

नानांना आम्ही शेवटी एवढेच सांगितले, "नाना, कायद्याने घातलंय ते कुंपण आहे. कुंपणानं जनावर बाहेर जात नाही, पण आतलं पीक आपोआप येत नाही. त्याला आपल्यालाच पाहावं लागतं." नाना थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे सभेला जायला पाहिजे."

आमचेही सांगणे तेच आहे. राखीव निधीतील प्रत्येक रुपया कोणाच्या तरी उसाचा आहे. सभेची नोटीस घरी आली की ती दिवाणाखाली न टाकता वाचावी, आणि सभेला यावे.

कळावे,

ऊस विकास अधिकारी,
शेतकी विभाग